ओवी वाचावी आणि ऐकावीही

इंटरनेटवर लिहिताना आवाज आणि चित्रं कशी वापरावीत, हे शिकायचं तर 'पारी' हे ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ पाहा. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते २०१४ मध्ये सुरू केलं. समाज-अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकारातून गावोगावी जमा झालेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा खजिना तिथे उलगडतो आहे. ओवीचे शब्द, तिचा अर्थ, गाणाऱ्या बाईचा फोटो आणि तिचाच आवाज! ओवीची चाल, शब्दावरचा हेल कागदावर उतरत नाही. तिथे ध्वनिमुद्रण हवंच. जे शब्दांत नीट सांगता येतं, त्याला मात्र उगाच व्हिडिओ जोडू नका. गावावर लिहिणार असाल, तर आधी घरातल्या आजीचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवा.