परसातलं कृत्रिम गवत


परसात कृत्रिम गवत बसवायचं मनात आहे?
मग आधी उतार पाहा.

आपल्याकडचा पाऊस धो-धो पडतो.
पाणी साचलं, की जमीन खचते.
कुबट वास येतो. शेवाळं धरतं.

म्हणून वरची भुसभुशीत माती काढा.
बारीक खडी पसरा. तिच्यावर कच घाला.
पाणी मारा, धुमसानं ठोका.
उतार घरापासून दूर, गटाराकडे हवा.
पुन्हा सांगते…
आधी उतार, मग गवत.

आता पट्टे अंथरा.
सगळी पाती एकाच बाजूला कललेली हवीत.
नाहीतर सांधा लांबूनही दिसतो.
वरून कोरडी, बारीक वाळू झाडून घाला.
तिच्या वजनानं गवत जागेवर बसतं.

देखभाल थोडीच.
पालापाचोळा काढा.
दबलेली पाती कडक झाडूनं उलट्या दिशेनं उभी करा.

एक मात्र कळकळीनं सांगते.
हे प्लॅस्टिक आहे.
वैशाखातल्या उन्हात ते चटके देतं.
मुलं खेळायला जाण्याआधी पाणी शिंपडा.
तळहात टेकवून पाहा.

दिवाळीत इथे फुलबाजी नको.
ठिणगीनं पाती वितळतात.

आणि परसात आंबा असेल,
तर त्याच्या बुंध्याभोवतीची माती मोकळीच ठेवा.
मुळांना पाणी आणि हवा लागते.