अतिघाम : लपवू नये असा विकार
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



या दिवशी प्रशासकाने जमाखर्च मांडावा, अशी आपली प्रथा आहे. ताळेबंद अहवालात छापलेलाच आहे. म्हणून आज एका क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या विकाराविषयी बोलण्याची अनुज्ञा घेतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वैद्य नव्हे. वैद्यकीय भाग आपल्या त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासून घेतला आहे.

गेल्या उन्हाळ्यात पाथर्डी तालुक्यातील एक ऊसतोड कामगार भगिनी उपचारासाठी आल्या. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी होती. आयुष्मान कार्डासाठी दोघींचे अंगठे घ्यायचे होते. आईचा अंगठा उमटला, मुलीचा उमटेना. ओढणीला हात पुसावा, तोच पुन्हा थेंब जमावेत. मागची रांग कुरकुरू लागली, आमचा कर्मचारीही तिच्यावर खेकसला. आई हलकेच म्हणाली, "साहेब, हिचा हात लहानपणापासून असाच गळतो. पेपर लिहिताना कागद भिजतो. उद्या लग्नात हातात हात कसा द्यायचा?" रुग्णालयात उभ्या असूनही हे डॉक्टरांना दाखवावे, हे दोघींच्या मनात आले नव्हते.

त्यांना काय दोष द्यावा? बी.कॉम.च्या परीक्षेत मी स्वतः उत्तरपत्रिकेवर रुमाल अंथरून लिहीत असे. पुढे खतावणीतील शाई माझ्याच मनगटाने फासली जाई. हा भित्रेपणा, असे सारे म्हणत आणि मलाही ते पटे. तीस वर्षे मी कोणाही डॉक्टरांना हे सांगितले नाही; आणि त्यांतील बहुतेक वर्षे मी रुग्णालयातच नोकरी करीत होतो!

घाम हे वास्तविक शरीराला मिळालेले वरदान आहे. उन्हात कष्ट करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. त्याला पाणी व मीठ हवे, औषध नव्हे. तळहात, तळपाय किंवा काखेतील अतिघामाची गोष्ट वेगळी. तेथील घर्मग्रंथी निरोगी असतात. त्यांना मज्जातंतूंकडून मिळणारा आदेश मात्र प्रमाणाबाहेर असतो. हा विकार बहुधा बालपणी वा किशोरवयात सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो, घरात आणखी कोणाला तरी असतो आणि झोपेत थांबतो. अस्वच्छता किंवा "अंगातली उष्णता" यांच्याशी त्याचा संबंध नाही.

याउलट, प्रौढ वयात नव्याने सर्वांगाला घाम सुटू लागला, तर थायरॉईड, रजोनिवृत्ती वा चालू औषधे यांचा विचार करावा लागतो. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यास एकाएकी घाम फुटला, तर साखर उतरल्याची शंका घ्यावी. रात्री कपडे भिजत असतील, ताप असेल व वजन घटत असेल, तर क्षयरोगाची तपासणी टाळू नये. छातीत दाब व थंड घाम, अशा रुग्णाने तर रांगेत थांबूच नये.

उपचार साध्यापासून सुरू होतात. वीस टक्के ॲल्युमिनियम क्लोराईडचे द्रावण रात्री कोरड्या त्वचेवर लावून सकाळी धुवायचे; गुण आला की दिवसांचे अंतर वाढवायचे. तेवढ्याने न भागल्यास साध्या पाण्याच्या ताटात हात ठेवून त्यातून सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. गर्भवती व पेसमेकर बसवलेले रुग्ण यांना ते वर्ज्य आहे. बोटुलिनमच्या इंजेक्शनचा परिणाम काही महिने टिकतो, पण खर्च मोठा. गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. शिवाय अंगाचा घामच आटल्याने उन्हात राबणाऱ्याला उष्माघाताचे भय असते, ही बाब आपल्या जिल्ह्यात विसरता येणार नाही. शस्त्रक्रियेने हात कोरडे होतात, परंतु पुष्कळदा पाठीवर व छातीवर घाम वाढतो, आणि तो कायमचा राहू शकतो. तो मार्ग शेवटचाच समजावा.

आता माझ्या खात्याविषयी. उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धनांना विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत देतात. आपण ते कसोशीने पाळतो. परंतु या रुग्णाला खाट लागतच नाही. त्यामुळे खाटांची सवलत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

त्या मुलीची नोंदणी अखेर मोबाईलवर आलेल्या ओटीपीने झाली. ती सोय पहिल्यापासून होती. आम्हालाच सुचली नाही. आता अंगठा न उमटल्यास तीच वापरण्याची लेखी सूचना खिडकीवर लावली आहे. मुलगी द्रावण लावते. बराच फरक आहे, पूर्ण नाही. तिच्यासारख्यांसाठी भौतिकोपचार विभागात विद्युतप्रवाहाचे एक यंत्र घ्यावे व गरजूंना ते उपचार विनामूल्य द्यावेत, अशी माझी विश्वस्त मंडळास विनंती आहे. अध्यक्ष महोदयांची अनुमती असल्यास पुढील सभेत अंदाजपत्रक सादर करतो.