तापलेली काच आणि पाण्याचा थेंब

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कोजागिरीला मसाला दूध बाजूला ठेवून बोटीच्या धुराड्यावर बोलणारा मी बहुधा पहिलाच. पण कॉम्प्युटरवाल्याच्या हाती बोट लागली की असंच व्हायचं!

साउदम्प्टनजवळ सोलेंटमध्ये आमच्या तीन कुटुंबांची मिळून एक जुनी, पेट्रोल इंजिनची बोट आहे. पहिल्याच मोसमात तिच्या एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर गेला. नवा बसवला, तोही महिन्याभरात गेला. तिसरा आणायच्या आधी मी म्हटलं, थांबा, हा का मरतोय ते आधी बघू.

या सेन्सरमध्ये झिर्कोनिया नावाचं सिरॅमिक असतं. ते साधारण ३५० अंश सेल्सियसला तापलं की धुरातल्या ऑक्सिजनप्रमाणे व्होल्टेज देतं. पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९, हवा जास्त असेल तर ०.१. त्यावरून इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत प्रथम आला.

गाडीत तो वर्षानुवर्षं टिकतो. मग बोटीत का नाही? कारण बोटीत धूर गार करायला बाहेरचं पाणीच एक्झॉस्टमध्ये सोडतात. रायझर नावाच्या उंच वळणावर धूर आणि पाणी एकत्र होतात आणि बाहेर पडतात. इंजिन मंद चालत असताना मात्र धूर पुढे-मागे हेलकावे खातो आणि पाण्याचे तुषार मागे ओढले जातात. शिवाय लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात निघतं. थंडीत पाइप गार असला की ती वाफ आतच ठिबकते.

कोकणात आजोळी वीज गेली की कंदील लागायचा. तापलेल्या काचेवर पागोळीचा एक थेंब पडला की काच तडकलीच! आमच्या सेन्सरचं नेमकं तेच होत होतं. तो रायझरच्या तोंडाशी, आडवा बसवलेला होता.

तडकलेला सेन्सर बरेचदा "हवा जास्त आहे" असंच सांगत राहतो. कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवत जातो आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये विंडरमियर तलावावर एका बोटीत मायलेकी त्यानेच दगावल्या. तिथे जनरेटरला जोडलेला घरगुती एक्झॉस्ट सुटला होता. तेव्हा केबिनमध्ये अलार्म हवाच. सेन्सर त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता सेन्सर कुठे बसवायचा? पाणी मिसळण्याच्या आधी, कोरड्या धुराच्या भागात, जमेल तितका त्या जागेपासून लांब. पाइपच्या वरच्या अंगाला, टोक खाली करून, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर, म्हणजे पाणी साचत नाही. त्याच्या आधीच्या कुठल्याही जोडातून हवा शिरता कामा नये, नाहीतर आकडे खोटे येतात. आणि सेन्सरचा हीटर पाइप तापून कोरडा झाल्यावरच पूर्ण जोरात चालू करायचा. फक्त घरी ड्रिल घेऊन बसू नका! बोटीच्या मॅनिफोल्डला दुहेरी भिंत असते आणि मधून पाणी फिरतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. जागा बदलायला रायझर उतरवला, तर खाऱ्या पाण्याने तो आतून पोखरलेला! पाणी झिरपत पार व्हॉल्व्हपर्यंत पोचायच्या बेतात होतं. सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो, आणि मग इंजिनच बदलावं लागतं. आम्ही दोन सेन्सरना नावं ठेवत होतो. ते बिचारे जीव देऊन आम्हाला सावध करत होते.

म्हणून एवढंच सांगतो: सेन्सर लागोपाठ दोनदा गेला, तर तिसरा विकत घेण्याआधी रायझर उघडून बघा.