कीर्द आणि खतावणी

मानवतच्या मोंढ्यांत कापसाच्या गाड्यांची दाटी होई, तेव्हां मुनीम प्रत्येक व्यवहार कीर्दींत एकाखालीं एक टिपून घेई आणि मागाहून खतावणींत नांववार चढवी. लिहिण्याची त्वरा कीर्दीनें साधे, शोधण्याची खतावणीनें. बँकांच्या संगणकांतही आधीं नोंद कीर्दीस लागते, मग खातें सुधारतें. मध्येंच वीज गेली, तर कीर्दीवरून खातीं पुन्हां उभीं करतां येतात. गांववार, मालवार अशा खतावण्या वाढविल्या, तर शोध सुकर होतो, पण प्रत्येक नोंद मंदावते. म्हणून त्या मोजक्याच ठेवाव्या. एक नियम मात्र त्वरेसाठींही मोडूं नये: खरेदीदाराच्या नांवें पडलेली रक्कम शेतकऱ्याच्या खातीं जमा झाली नाहीं, तर पहिली नोंदही रद्द समजावी. त्या एका ओळींत त्याचे वर्षभराचे कष्ट असतात.