भाकितातले आकडे आणि आपली भीती

संग्रामपूर तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही आज तुमच्याशी बोलत आहोत. एरवी आपण इथे कर्जाचे हप्ते, शेळीपालन, सोयाबीनचं बियाणं यावर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. ख्रिस्ती लोकांच्या बायबलात भविष्याबद्दल जे लिहिलंय, त्यात काही आकडे येतात. सहाशे सहासष्ट, एक लाख चव्वेचाळीस हजार, हजार वर्षं. या आकड्यांवरून मोबाईलवर निरोप फिरतात. आधार कार्डात सैतानाचा आकडा लपवलाय, बँकेत अंगठा दिला की आपण त्याचे झालो, अमुक तारखेला जग बुडणार, असे ते निरोप असतात.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात ख्रिस्ती घर एखादंच, मग हे आम्हाला कशाला? त्याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे अफवा जात-धर्म विचारून घरात येत नाही. आज लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये आधार जोडलेल्या खात्यातच येतात. भीतीपोटी एखादीने आधार जोडलंच नाही, तर वर्षाचे १८,००० रुपये गेले. म्हणजे तिची गटातली बचत गेली, पोरीची वह्या-पुस्तकं गेली. दुसरं कारण असं की, असा निरोप वाचला की गटातल्या ख्रिस्ती ताईकडे बाकीच्या वेगळ्या नजरेने बघायला लागतात. तिच्या धर्मात काही भयंकर लिहिलंय असं त्यांना वाटतं. म्हणून त्या ग्रंथात खरंच काय आहे, ते आपण समजून घेऊ.

आधी आपल्या बोलण्याकडे पाहू. दोन जावांचा छत्तीसचा आकडा आहे, असं आपण म्हणतो. त्यात छत्तीस वस्तू कुठेच नसतात. मराठीत तीन आणि सहा लिहिले की ते एकमेकांकडे पाठ करून उभे दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. घरात अठरा विश्वे दारिद्र्य, कामाचे तीनतेरा, सतराशे साठ भानगडी. यातला एकही आकडा आपण वहीत मांडत नाही. आपल्याच तालुक्यात बावनबीर गाव आहे, तिथे जाऊन कोणी बावन मोजत बसत नाही. म्हणजे आकडे दोन कामांना येतात. एक हिशोबाला, दुसरं बोलण्याला जोर आणि अर्थ द्यायला. कुठला आकडा कुठल्या कामाचा, हे आपल्याला शाळेत न जाताही कळतं.

भाकीत म्हणजे काय, तेही आपल्याला नवीन नाही. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात. तिथे चार ढेकळं ठेवतात, ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची खूण. विडा-सुपारी ही राजाची खूण. ते भाकीत खरं ठरतं का, हा आजचा विषय नाही. पण सुपारीला मुंग्या लागल्या म्हणून कोणी राजाला मुंग्या शोधत नाही. खूण ही खूण म्हणूनच वाचायची असते. बायबलातल्या भाकिताचंही तसंच आहे. फरक एवढाच की त्या खुणा दुसऱ्या देशातल्या आणि फार जुन्या काळातल्या आहेत, म्हणून आपल्याला पटकन कळत नाहीत.

हे आकडे ज्या पुस्तकात येतात त्याचं नाव प्रकटीकरण. बायबलातलं ते शेवटचं पुस्तक. पहिल्या शतकाच्या अखेरीस ते लिहिलं गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लिहिणारा आपलं नाव योहान सांगतो. तो पात्म नावाच्या बेटावर होता, आणि आज ज्याला तुर्कस्तान म्हणतात त्या भागातल्या सात मंडळ्यांना त्याने हे लिहून पाठवलं. तेव्हा तिथे रोमचं राज्य होतं. बादशहाला देव मानून त्याची पूजा करायची रीत होती, आणि जो करणार नाही त्याला त्रास व्हायचा. अशा घाबरलेल्या माणसांना धीर द्यायला हे लिखाण झालं. राजाविरुद्ध उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून खुणांच्या भाषेत बोललं गेलं.

आता तो सहाशे सहासष्ट. पुस्तकात एक श्वापद येतं, आणि त्याचा आकडा ही एका माणसाची संख्या आहे, असं तिथे म्हटलंय. त्या काळी हिब्रू आणि ग्रीक भाषांत वेगळे अंक नव्हते. अक्षरांनाच किंमत असायची, म्हणून नावाची बेरीज करता यायची. नीरो हा रोमचा क्रूर बादशहा होता, इसवी सन ५४ ते ६८ त्याचं राज्य. ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिलं की ५०, २००, ६, ५०, १००, ६० आणि २०० अशा किमती येतात. गटाच्या वहीत मांडून बघा, बेरीज ६६६ भरते. काही जुन्या हस्तलिखितांत मात्र ६१६ आहे. ‘नेरोन’ऐवजी ‘नेरो’ लिहिलं तर शेवटच्या अक्षराचे ५० कमी होतात आणि ६१६ उरतात. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की हा आकडा नीरोकडे बोट दाखवतो. दुसरेही एक सांगतात की सात म्हणजे पूर्ण, आणि सहा म्हणजे पूर्णाला कायम एक कमी. देव व्हायला निघालेला राजा शेवटी अपुराच, असा त्याचा अर्थ. दोन्ही अर्थांत आपल्या कार्डाचा काही संबंध नाही.

आणखी एक गोष्ट हिशोब ठेवणाऱ्या बाईला लगेच कळेल. सहाशे सहासष्ट म्हणजे तीन वेळा सहा नव्हे. सहा-सहा रुपयांच्या तीन नोंदी केल्या तर अठराच रुपये होतात. ग्रीक भाषेत तर हा आकडा तीन वेगळ्या अक्षरांनी लिहीत, तिथे तीन सहा दिसतच नाहीत. मग साबणाच्या वेष्टनावरच्या काळ्या रेघांत तीन सहा शोधायचे कशाला? त्या लांब रेघा यंत्राला सुरुवात, मध्य आणि शेवट कळावा म्हणून असतात.

त्या श्वापदाची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर असेल आणि तिच्याशिवाय खरेदी-विक्री करता येणार नाही, असंही त्यात आहे. त्यावरूनच अंगठा, बँक आणि रेशन यांची भीती घातली जाते. पण त्याच पुस्तकात लगेच पुढे, देवाच्या माणसांच्या कपाळावर देवाचं नाव लिहिलेलं आहे, असंही येतं. तिथे कोणी शाई घेऊन बसलेलं नाही. आपणही म्हणतो, कपाळात लिहिलंय. कोणाच्या बाजूने उभे राहता, एवढाच त्याचा अर्थ.

आधारचं खरं सांगायचं तर, देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी एका बाईला मिळाला. तो बारा अंकांचा असतो. यंत्र कसलाही अर्थ न लावता ते अंक देतं, आणि शेवटचा अंक आधीचे अंक बरोबर आहेत का हे तपासायला असतो. तरीही मिझोराममध्ये काही छोट्या ख्रिस्ती गटांनी याच भीतीपोटी आधार घेतलं नाही, अशा बातम्या आल्या होत्या. आधारबद्दल दुसरे प्रश्न विचारायला हरकत नाही. आपली माहिती कोणाकडे जाते, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यावर निकाल लागला. अंगठ्याचं खरं भय आहे ते ठगांचं. अंगठा कशासाठी घेतात ते विचारा, किती पैसे निघाले त्याची पावती घ्या. अंगठ्याचे ठसे बंद करून ठेवायचीही सोय आहे. शंका आली तर १९४७ या क्रमांकावर फोन करा.

आता बाकीचे आकडे. एक लाख चव्वेचाळीस हजार म्हणजे बारा गुणिले बारा गुणिले हजार. इस्राएलची बारा कुळं, त्यावरून हा आकडा आला. काही पंथ तो शब्दशः घेतात. पण त्याच प्रकरणात पुढे सगळ्या देशांतला, सगळ्या भाषांचा, कोणाला मोजता न येणारा समुदाय उभा आहे. म्हणून बहुतेक चर्चेस तो आकडा ‘सगळेच्या सगळे, एकही न सुटता’ असा वाचतात. जागा भरल्या, आता तुला जागा नाही, असा निरोप आला तर तो त्या पुस्तकाचा नाही.

साडेतीन वर्षं, बेचाळीस महिने आणि १२६० दिवस हे तीन आकडेही येतात. तीस दिवसांचा महिना धरून गुणाकार करा, तिन्ही एकच आहेत. सात म्हणजे पूर्ण, त्याचं हे अर्धं. संकटाला मुदत आहे, ते कायमचं नाही, असा तो धीर आहे. हजार वर्षांच्या राज्याबद्दल मात्र ख्रिस्ती लोकांतच दोन-तीन मतं आहेत. कोणी ती मोजून हजार मानतात, कोणी फार मोठा काळ म्हणतात.

आकडा हिशोबाचा धरला की काय होतं, त्याचं एक उदाहरण ऐका. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता. बायबलातल्या दानिएलाच्या पुस्तकात २३०० दिवस आलेत. एक दिवस म्हणजे एक वर्ष, असं धरून त्याने ख्रिस्त परत येण्याचा काळ मांडला. पुढे त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. हजारो माणसांनी विश्वास ठेवला. काहींनी उभं पीक काढलंच नाही, शेतात सोडून दिलं. तो दिवस आला आणि गेला. पीक गेल्यावर घरात काय होतं, ते आपल्याला कोणी सांगायला नको. बायबलातच येशू म्हणतो की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही.

येशूचं आणखी एक सांगणं आहे. भावाला किती वेळा क्षमा करावी, असं विचारल्यावर त्याने सातावर भागणार नाही, सत्तर वेळा सात, असं उत्तर दिलं. त्याचे होतात ४९०. म्हणून कोणी वही घालून ४९१व्या वेळी भांडण काढतं का? क्षमा मोजू नका, असं त्याला म्हणायचं होतं.

तर मैत्रिणींनो, असा निरोप आला की तीन गोष्टी बघा. त्यात तारीख सांगितलीय का? तो पैसे मागतो का, किंवा हक्काचं काही सोडायला सांगतो का? दहा जणींना पाठवा नाहीतर वाईट होईल, असं त्यात आहे का? यातलं एक जरी असलं तरी तो पुढे पाठवू नका. गटातल्या ख्रिस्ती ताईला आदराने विचारा, तिच्या पास्टरांना किंवा फादरांना विचारायला सांगा. आणि ताई, तुम्ही ख्रिस्ती असाल तर पुस्तक स्वतः उघडा, आधीचं आणि पुढचं पान वाचा.

बायांनी स्वतः वाचावं, यासाठी पंडिता रमाबाईंनी केवढे कष्ट घेतले! त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायांना कळेल अशा मराठीत त्यांनी सबंध बायबल आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हे काम झालं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून निघालं. धर्म कोणताही असो, त्यांचा हा धडा आपण सगळ्यांनी घेण्यासारखा आहे. कोणी भीती घातली तर मूळ कागद मागायचा. कर्जाच्या कागदावर आपण तेच करतो, अंगठा देण्याआधी वाचून घेतो.

पुढच्या गट बैठकीत हा विषय जरूर काढा. कोणी भीतीपोटी आधार जोडायचं थांबली असेल, तर तिला हसू नका. सोबत बसा, समजावून सांगा आणि तिच्याबरोबर बँकेत जा.