हार्टेलबाईंची मांड



घोडेस्वाराच्या बैठकीला आपल्या मराठीत मांड म्हणतात. एखाद्याची मांड पक्की आहे असे आपण म्हणतो, तेव्हा मांड्यांची पकड, रिकिबीतील पायांचा आधार आणि सरळ पाठ या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात येतात. मग ज्याचे गुडघ्याखालील पाय लुळे पडले आहेत, त्याने मांड कशी ठोकावी? डेन्मार्कमधील लिस हार्टेल या बाईंनी या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी न देता घोड्यावर बसून दिले.

हार्टेलबाईंचा जन्म १९२१ सालचा. तरुणपणीच त्यांनी अश्वारोहणात नाव मिळविले होते. ड्रेसाज या प्रकारात त्या आपल्या देशाच्या विजेत्या ठरल्या होत्या. या प्रकारात अडथळ्यांवरून उड्या नसतात, की वेगाची शर्यत नसते. आखलेल्या चौकात घोड्याने ठराविक चाली, वळणे आणि ठेके बिनचूक करून दाखवावयाचे असतात, आणि तेही स्वाराने केलेली खूण पाहणाऱ्याच्या लक्षात येऊ न देता.

१९४४ च्या सप्टेंबरात त्यांना पोलिओ झाला. त्या वेळी त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या असून दुसऱ्यांदा गरोदर होत्या. या रोगात विकार हातापायांचा दिसतो. घाव मात्र पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर पडलेला असतो. स्नायूंना आज्ञा पोचविणारे मज्जातंतूच मरतात आणि धडधाकट पाय हुकूम न मिळालेल्या शिपायासारखे निश्चल पडून राहतात. हार्टेलबाईंच्या मांड्यांवर आणि हातांवरही रोगाचा परिणाम झाला होता. पुढील वर्षी त्यांना निरोगी कन्या झाली. हातांत व मांड्यांत कष्टाने थोडे बळ आले, कुबड्यांच्या आधाराने चालणेही जमू लागले; परंतु गुडघ्याखालील पाय अखेरपर्यंत परत आले नाहीत.

यापुढे कुबड्यांनी चालता आले तरी पुष्कळ झाले, असे कोणालाही वाटले असते. बाईंनी मात्र घोड्यावर बसावयाचे ठरविले. त्यासाठी प्रत्येक वेळी दुसऱ्यांनी त्यांना उचलून खोगिरावर बसवावे लागे आणि तसेच उतरवून घ्यावे लागे. काल जी स्वार देशात पहिली होती, तिला आज लहान मुलासारखे उचलून ठेवावे, ही गोष्ट अभिमानी मनाला सोपी नसते. दुखण्यापेक्षा ही मदत घेण्याच्या संकोचानेच कित्येकांनी आपली आवडती कामे सोडली आहेत. हार्टेलबाईंनी मदत घेतली आणि काम सोडले नाही. आजारानंतर तीनच वर्षांनी, १९४७ साली, स्कँडिनेव्हियन देशांच्या स्पर्धेत त्यांनी दुसरे स्थान मिळविले.

पायांवाचून त्यांनी घोड्याला समजावले तरी कसे? स्वार घोड्याशी तीन मार्गांनी बोलतो: लगामाने, पायांच्या दाबाने आणि पाठ व कंबर यांच्या तोलाने. यांपैकी मधला मार्ग त्यांना जवळजवळ बंद झाला होता. तेव्हा उरलेल्या दोन मार्गांवर, विशेषतः तोलावर, सारा भार आला. बैठकीचे वजन तसूभर इकडचे तिकडे झाले, तरी चांगल्या घोड्याला ते पाठीवर कळते. जुबिली नावाच्या त्यांच्या घोडीला ही नवी भाषा शिकावी लागली, आणि बाईंनाही. पाय नाहीत म्हणून जुनी भाषा ओरडून बोलण्यात अर्थ नव्हता. दोघींना कळेल अशी दुसरी बोली घडवावी लागली.

याच सुमारास स्पर्धेचे दारही उघडले. ऑलिंपिकमध्ये पूर्वी अश्वारोहण केवळ लष्करी अधिकाऱ्यांसाठी असे. १९४८ साली स्वीडनच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकले. पण त्यातील एक स्वार खरा अधिकारी नाही, असे ठरून पुढच्या वर्षी ते काढून घेण्यात आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून ड्रेसाजमध्ये नागरिकांना आणि स्त्रियांना प्रवेश मिळाला. तेथे पुरुषांच्या बरोबरीने उतरून हार्टेलबाईंनी रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदकाचे मानकरी स्वीडनचे हेन्री सेंट सीर यांनी त्यांना हात देऊन पदकाच्या चौथऱ्यावर चढविले. चार वर्षांनी, ऑस्ट्रेलियातील प्राण्यांच्या विलगीकरणाच्या कडक कायद्यामुळे, घोड्यांच्या स्पर्धा मेलबर्नऐवजी स्टॉकहोमला झाल्या. तेथेही सुवर्ण सेंट सीर यांना आणि रौप्य जुबिलीवर स्वार झालेल्या हार्टेलबाईंना मिळाले.

ज्यांना पाठीचे जुने दुखणे आहे, त्यांनी ही हकीकत ऐकून उद्याच घोड्यावर उडी मारावी असा मात्र तिचा अर्थ नव्हे. सगळी दुखणी सारखी नसतात. घोड्याच्या सावकाश चालीत स्वाराची कंबर पुढेमागे व दोन्ही बाजूंना हलते आणि किंचित वळते, जवळजवळ माणूस चालताना हलते तशी. म्हणूनच काही रुग्णांना जाणत्याच्या देखरेखीखाली ही चाल मानवते. दुडक्या चालीत मात्र प्रत्येक पावलाला कण्याला हिसका बसतो, आणि तोच एखाद्याला महिनाभर अंथरुणाला खिळवील. डॉक्टरांना विचारावे, रिकिबीतून अंग पिळवटून चढण्यापेक्षा ओट्यावरून चढावे, थोडक्यात थांबावे आणि शांत घोडा निवडावा. आपल्या शरीराची मर्यादा ओळखणे हाही घोडेस्वारीचाच एक धडा आहे.

स्पर्धा सोडल्यावरही हार्टेलबाईंचे काम थांबले नाही. अपंगांना घोडेस्वारीने उपचार देण्याच्या चळवळीला त्यांच्या उदाहरणाने मोठे बळ दिले आणि युरोपात या कामाची केंद्रे निघाली. १९९६ च्या अटलांटा येथील पॅरालिंपिकमध्ये अश्वारोहणाचा समावेश झाला. २००९ साली, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, हार्टेलबाई निवर्तल्या. ज्या रोगाने त्यांचे पाय नेले, तो लसीमुळे जगाच्या बहुतेक भागांतून हटला. २०१४ साली आपला देशही पोलिओमुक्त जाहीर झाला. परंतु पाठीची, सांध्यांची, मज्जातंतूंची दुखणी घेऊन जगणारी माणसे घरोघरी आहेत. कोणाला पेटीसमोर मांडी घालून बसवत नाही, कोणाला शेताच्या बांधावर वाकवत नाही, कोणाला वर्गात फळ्यासमोर तासभर उभे राहवत नाही. पूर्वीसारखे जमत नाही, हे खरेच असते. पण पूर्वीसारखे जमत नाही म्हणून मुळीच करू नये, हा निष्कर्ष घाईचा आहे. पेटी उंच चौरंगावर ठेवता येते, फळ्याजवळ खुर्ची मांडता येते, आणि चढताना कोणी हात पुढे केला तर तो धरता येतो.

हेलसिंकीच्या त्या चौथऱ्यावर हार्टेलबाई दुसऱ्याच्या हाताच्या आधाराने चढल्या. मिळालेले पदक मात्र त्यांचे स्वतःचे होते.