घर हलते, काम हलत नाही



झोपडीत राहणाऱ्याला सरकार पहिला प्रश्न विचारते तो तारखेचा. मुंबईत १९७६ साली झोपड्यांची गणती झाली. पुढे १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० ही मर्यादा ठरली. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आमचा प्रश्न निराळा आहे: नवे घर कामापासून किती लांब?

पहाटे मंडईत ओझी वाहणारा हमाल, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, यांची झोपडी उचलता येते. काम उचलता येत नाही. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र रीतसर नोटीस देऊन पदपथावरून हलवण्याची मुभाही ठेवली. म्हणजे ही गाठ जमिनीच्या धोरणातच सुटायची. शहरातली जादा जमीन सरकारकडे यावी म्हणून १९७६ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. महाराष्ट्राने तो २००७ साली सोडला. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी धाडली गेली; अखेर २०१९ साली उच्च न्यायालयाला ते थांबवावे लागले.

पात्रतेच्या अर्जावर तारखेशेजारी अंतराचाही रकाना असावा, एवढेच आमचे मागणे आहे.